टेस्टिंगच्या खोलीतली शालनताई

ताई, तू गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी कदमवहिनी गावाहून परत आल्या. मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने कोरेगावला होत्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. हातात वर्तमानपत्रातून कापलेली सँडविच टोस्टरची जाहिरात होती. दारातूनच त्यांनी आईला विचारलं, "शालन आली का कामावरून? तिला जरा दाखवायचं होतं, हे घ्यावं का म्हणून."

आई कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मीच उठले आणि वहिनींना जिन्यात नेऊन सांगितलं. त्या पायरीवर बसल्या आणि रडता रडता त्या जाहिरातीची घडी घालत राहिल्या. लहान, आणखी लहान.

त्या दिवशी ठरवलं, तुला लिहायचं. जिथून लोक तुला ओळखायचे तिथूनच सुरू करते. बाकीच्यावर यायला मला जरा वेळ लागेल.

जुईनगरच्या आपल्या चार बिल्डिंगांत तुला विचारल्याशिवाय कुणी स्वयंपाकघरातलं मशिन घेत नसे. तेव्हा स्टेशन नुकतंच झालं होतं, वाशीत मोठी दुकानं उघडली होती, आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी एखादी हसरी बाई कशाचा तरी प्लग लावत असायची. रोटी मेकर, टोस्टर, ज्यूसर, अंडी उकडायचं यंत्र. बायका तुझी वाट बघत जिन्यात उभ्या राहायच्या. तू महापेच्या कारखान्यातून यायचीस, पायातल्या चपलाही काढायच्या आत पहिला प्रश्न टाकायचीस, "धुणार कोण?"

तुझं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांत होतं. ज्यूसर चालतो एक मिनिट, त्याची जाळी घासायला लागतात पंधरा. ती पंधरा मिनिटं घरात कुणाची, ते आधी ठरवा आणि मग दुकानात जा. गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनबद्दल म्हणायचीस, चार केक होतील, एकदा नानकटाई होईल, मग माळ्यावर जाईल. पण तू सगळ्यालाच नाही म्हणायचीस असंही नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा उजवा हात अर्धांगात गेला, तेव्हा त्यांच्या सुनेच्या मागे लागून तू ओट्याला घट्ट बसवायची नारळाची खवणी आणि एक हॅन्ड ब्लेंडर घ्यायला लावलास. सून म्हणाली, "मी आहे की करायला." तू म्हणालीस, "तुम्ही आहात म्हणूनच. त्यांना कुणाला हाक मारायला लागू नये."

वाशीच्या प्रदर्शनात आपण गेलो होतो ते आठवतं. टाय लावलेला एक जण रोटी मेकरवर पोळ्या करून दाखवत होता.

"एका मिनिटात पोळी, मॅडम."

"पीठ कोण मळणार?"

"पीठ तर मळावंच लागेल ना."

"मग काय वाचलं? लाटायला मला वेळ लागत नाही, मळायला लागतो. ही पोळी इथं बाजूला ठेवा. आम्ही एक चक्कर मारून येतो."

अर्ध्या तासानं परत आलो तर पोळीचा पापड झाला होता. तू तो दोन्ही हातांनी मोडलास आणि अर्धा मला दिलास. तो माणूस चिडला नाही. त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही याच लाइनमध्ये आहात का?"

"हो. महापेला. मिक्सर टेस्टिंग."

बँकेत आहे म्हणून सांगावं तशा तोऱ्यात सांगितलंस. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला. आता ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

एकोणिसाव्या वर्षी तू त्या युनिटमध्ये लागलीस. आबा मार्केटात पोती वाहत होते, त्यांची कंबर धरायला लागली होती. तू आधी पॅकिंगला होतीस. महिनाभरात तिथल्या सुपरवायझर साहेबांच्या लक्षात आलं की शेजारच्या टेबलावर मिक्सर चालू झाला की तू न बघताच सांगतेस, याचं बेअरिंग ढिलं आहे, याचा कार्बन नीट बसला नाही. त्यांनी तुला टेस्टिंगला टाकलं. सगळ्या युनिटमध्ये सांगत फिरायचे, शालनचा कान म्हणजे मशिन आहे. घरी येऊन तू ते आम्हाला सांगितलंस तेव्हा आईनं साखर आणली होती.

खंडेनवमीला युनिटमध्ये पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. एका वर्षी मी आले. तुझी खोली बघितली. खोली कसली, पत्र्याचं खोकं होतं ते. आवाज ऑफिसात जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी पत्रे मारलेले, वर छोटा पंखा. झेंडूची माळ घातलेले आठ मिक्सर एका फळीवर ओळीनं. पाहुण्यांना दाखवायला कुणीतरी आठही एकदम चालू केले. मी कानांवर हात दाबले आणि बाहेर पळाले. पाठीमागे वळून बघितलं तर तू तिथंच उभी होतीस, हसत, एका मिक्सरच्या अंगावर तळहात ठेवून. गुरावर ठेवावा तसा. मला वाटलं, माया असेल.

बाकीच्या मुली कानात कापूस घालायच्या. तुला ती सोय नव्हती, कारण बारीक खरखर ऐकायची तेवढ्यासाठीच तुला तिथं उभं केलं होतं. दिवसाला किती मिक्सर, ते मी विचारलं नाही. सात वर्षं विचारलं नाही.

आणि जगाला सल्ला देणाऱ्या शालनच्या स्वतःच्या घरी मिक्सर नव्हता. बिल्डिंगमध्ये त्याची चेष्टा व्हायची. आईचा खांदा दुखायला लागला, तेव्हाही तू मिक्सर आणू दिला नाहीस. कामावरून येऊन स्वतः पाट्यावर बसायचीस. कांदा-खोबऱ्याचं वाटण गंधासारखं होईपर्यंत वाटायचीस. आबा म्हणायचे, "लेकी, कारखान्यात हजार मिक्सर बघतीस आन् घरी वरवंटा वढतीस, लोक काय म्हंत्याल?" तू म्हणालीस, "दिवसभर तेच ऐकते आबा. घरी नको." आम्ही हसलो. मला वाटलं, मोठेपणा आहे. दुसऱ्याच्या घरी काय हवं नको ते ठरवायचं आणि आपल्या घरात आपलंच चालवायचं. मी तुला हट्टी म्हणाले. ते शब्द तुला ऐकू गेले, कारण तू चिमटा काढलास.

पुढचं मात्र हळूहळू होत गेलं. टीव्हीचा आवाज तू मोठा करायचीस, मी कमी करायचे. तू "काय?" म्हणायला लागलीस. मग "काय?" म्हणणंही सोडलंस आणि नुसतं हसायला लागलीस. जिन्यातल्या बायकांना वाटायचं, शालन आता शांत झाली.

त्याच सुमारास तुला बघायला कराडकडचे लोक आले. मुलाची मावशी हळू बोलणारी होती. तिनं विचारलं, "भावंडं किती तुम्ही?" तू म्हणालीस, "हो, येतं सगळं." आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी जरा मंद वाटली.

मंद. बेअरिंगचा आवाज भिंतीपलीकडून ओळखणारी मुलगी.

त्या दिवशी आईनं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. "शालीच्या कानाचं बाहेर कुनाला बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "तिचं जमायचं हाय आन् हिचंबी व्हायचं हाय." हिचं म्हणजे माझं. आबांनी मान हलवली. मीही हलवली. डॉक्टरकडे न्यावं असं कुणी बोललं नाही, कारण तिथल्या बाकावर ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं. तू बाहेरच्या खोलीत उद्याचा डबा पुसत होतीस. आम्ही दार लावायची तसदीही घेतली नाही.

आधी माझं जमलं. दिघ्याचं स्थळ, नवरा ऐरोलीला कंपनीत. माझ्या सासूबाईंनी कळवलं होतं, बाकी काही नको, मिक्सर तेवढा चांगला द्या. आबा लगेच हो म्हणाले. तू म्हणालीस, नको. मोठा कुकर द्या, शेगडी द्या, मिक्सर नको. कारण सांगितलं नाहीस. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी मी साड्यांच्या घड्या घालत होते, तुझ्याकडे पाठ होती. मी म्हणाले, "तुझं काही जमलं नाही म्हणून माझ्या संसारात पण काही यायला नको, असंच ना?"

मागे वळून बघितलं तर तू खिडकीशी केस विंचरत होतीस. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

ताई, तू ते ऐकलंस का? तीन वर्षं मी याचं उत्तर शोधते आहे. मी हळू बोलले नव्हते. पण तोवर तुला मागून बोललेलं फारसं कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. कधीकधी मी मनापासून मागते, की त्या दिवसापर्यंत तुझा कान पूर्ण गेलेला असू दे. बहिणीच्या बहिरेपणाची आशा धरून बसणारी मी. तूच बघ काय झालं आहे माझं.

दुसऱ्या आठवड्यात तू मिक्सर घेऊन आलीस. फळीवरचे कितीतरी चालवून त्यातला निवडलेला. "तिन्ही स्पीडवर बघितलाय," एवढंच म्हणालीस. तो आजपर्यंत बिघडला नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात.

दिघ्याला तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी चटणी करत होते. तू माझा दंड धरून मला मागे ओढलंस. "चालू केलास की लांब उभी राहात जा. जवळ वाकू नकोस." मी म्हणाले, "अगं, दोन मिनिटांचं काम." तू मिक्सरचं बटण बंद केलंस. मग माझ्या तोंडाकडे बघत, जरा मोठ्या आवाजात, जसं तू हल्ली बोलायचीस तसं, म्हणालीस, "वंदे, मला आता त्यातलं काही ऐकू येत नाही. नुसतं हाताला कळतं. हात ठेवला की समजतं, कुठला खराब आहे ते."

तेव्हा मला तो तळहात कळला.

"साहेबांना सांगू का?" तू विचारलंस. "पॅकिंगला परत टाका म्हणावं. की काढून टाकतील?"

मला भीती, घरात सासूबाईंना ऐकू जाईल याची. आणि माझी नणंद तेव्हा लग्नाची होती, तिला बघायला येणारेही असल्या गोष्टी तोलणार. मी तुला म्हणाले, "आत्ता नको सांगू. दिवाळी होऊ दे. मग बघू." तू लगेच मान हलवलीस. माझं ऐकलंस. धाकट्या बहिणीचं इतकं कधी कुणी ऐकलं नसेल.

दिवाळी झाली. मी काही बघितलं नाही. पुढची दिवाळीही झाली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, शिफ्ट सुटल्यावर, तू बसस्टॉपकडे जात होतीस. टँकर कडेच्या गेटातून मागे येत होता. तुझ्याबरोबरची मुलगी चार पावलं मागे होती, चपलेचा पट्टा लावत. ती म्हणाली, ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला, मी पण ओरडले. तू डबा काखेत धरून चालत राहिलीस.

चौकीवर आम्ही तिघं गेलो. हवालदार म्हातारा होता, बोलायला वाईट नव्हता. त्यानं लिहिता लिहिता आबांना विचारलं, "पोरीला ऐकायला कमी येत होतं का?"

आबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "न्हाय. चांगलं ऐकू यायचं."

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. कशासाठी, ताई? कुणाचं लग्न राहिलं होतं आता? तोंडाला सवय लागली होती, तेवढंच. त्यानं लिहिलं, हॉर्न देऊनही लक्ष न दिल्यानं. आबांनी सही केली. तू बेफिकीर होतीस असं तिथं कागदावर आहे, आणि ते आम्ही तिघांनी लिहवून घेतलं आहे.

दहाव्याला साहेब आले. बरोबर दोन मुली, आणि हातात मिक्सरचं नवं खोकं. "सगळ्या स्टाफनं मिळून दिलंय," ते म्हणाले. "शालनची आठवण म्हणून घरात राहील." खोकं त्यांनी तुझ्या फोटोसमोर ठेवलं, हाराच्या शेजारी. मग चहा आला. साहेब खरंच हळहळत होते. "काय कान होता हो तिचा. सात वर्षांत एक पीस परत आला नाही."

मला वाटतं, त्या "कान" शब्दानंच झालं. मी म्हणाले, "तिला ऐकू येत नव्हतं."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी थांबले नाही. "दोन-तीन वर्षं येत नव्हतं. तुमच्या त्या पत्र्याच्या खोलीत गेले तिचे कान. ती हात लावून काम करायची. हॉर्न ऐकू आला नाही म्हणून गेली ती."

साहेबांनी कप खाली ठेवला. "आम्हाला कधी बोलली नाही," ते म्हणाले. "बोलली असती तर जागा बदलली असती. अवघड काही नव्हतं."

ते खरं बोलत होते की नाही, ते मला कधीच कळणार नाही. मी म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला, बोलू नको म्हणून."

आई उठून आत गेली. आबांनी वाकून ते खोकं उचललं, कमरेची कळ तोंडावर दिसली, आणि ते साहेबांच्या हातात परत दिलं. "साहेब, ह्याचं आमी काय करायचं?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

साहेब दारात चपला घालत होते तेव्हा मी विचारलं, "आता टेस्टिंगला कोण आहे?"

त्यांच्या बरोबरच्या मुलीनं उत्तर दिलं, "नवीन घेतलीये. रेश्मा. दिघ्याचीच आहे. सरांनी सगळ्यांचे कान बघून तिला निवडली."

आई माझ्याशी आजही मोजकंच बोलते. चौकीवर जाऊन पुन्हा काही सांगायला आबा तयार नाहीत. माझ्या घरी सासूबाई म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं वाईट कशाला चारचौघांत काढायचं. तुझा बहिरेपणा त्यांना वाईटात जमा वाटतो. तुझ्यावर रागही येतो ताई, तेही सांगते. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला तू विचारलंस धुणार कोण, पुसणार कोण, वेळ कुणाचा जाणार. स्वतःच्या बाबतीत तो प्रश्न तू एकदाही मोठ्यानं विचारला नाहीस. आमच्या तोंडाकडे बघत राहिलीस, आम्ही काय म्हणतो ते.

रेश्मा आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर राहते. पहिल्या रविवारी मी शोधत गेले. अठरा वर्षांची आहे, बारीक, वेणीला लाल रिबीन. नळावर भांडी घासत होती. मी तुझं सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं भांडी घासायची थांबवून ऐकलं.

"ताई, पर्मनंट करणार म्हणालेत," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी. तवर आमी काय बोलनार? कापूस घालते की मी."

"टेस्टिंगवाल्यांना कापूस घालू देत नाहीत."

"मग बगू."

तिच्या आईनं मला चहा दिला आणि पुन्हा येत जा म्हणाली, पण डोळ्यांत होतं की येऊ नका. मुलगी सोमवारी त्याच बसनं कामावर गेली. तिनं सोडावं असं म्हणायला मी कोण? मी तर माझ्या बहिणीलाही दिवाळीपर्यंत थांब म्हणाले होते.

तरी मी जाते. हा पाचवा रविवार होता. काही सांगत बसत नाही आता. नळाकडून येते, ती पाठमोरी असते, मी थोडी लांब थांबते आणि हळूच हाक मारते, "रेश्मा." अजून वळून बघते ती.